एकच माप हवे

चाकणहून निघालेला रस्ता शिक्रापूरला पुणे–अहिल्यानगर महामार्गास मिळतो. तेथून तळेगाव ढमढेरे जवळच आहे. या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन चाललेल्या लांबलचक मालगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीझ आणि महिंद्र यांचे कारखाने आहेत. याच शिरूर तालुक्यात रांजणगावला टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतील कारखाना आहे. परंतु तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारपेठेत ज्या मोटारी राबताना दिसतात, त्यांपैकी पुष्कळशा या मालगाड्यांवरून उतरलेल्या नसतात. पुण्यामुंबईच्या पहिल्या मालकाने आठदहा वर्षे वापरून विकलेल्या, हातोहाती फिरत येथवर आलेल्या आणि आता वडापच्या कामी लागलेल्या त्या गाड्या असतात. एका रस्त्यावरच्या या दोन प्रकारच्या मोटारी आमच्या आजच्या विषयाची दोन टोके आहेत.

सदोष मोटारी परत मागविण्याचा प्रश्न आम्ही आज पहिल्या पानावर घेत आहोत. हा विषय यंत्रतज्ज्ञांचा आणि श्रीमंतांचा आहे, अशी समजूत अद्यापि प्रचलित आहे. ती आता सोडून द्यावयास हवी. मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील घराखालोखालची मोठी खरेदी असते, आणि त्या गाडीत तो आपली बायकामुले बसवितो. तिच्या ब्रेकमध्ये, इंधनाच्या नळीत किंवा सुरक्षेसाठी म्हणून बसविलेल्या हवेच्या पिशवीत दोष असेल, तर तो त्याला दिसत नाही. तो दोष कारखानदाराला ठाऊक असतो, निदान सर्वांत आधी त्यालाच ठाऊक होतो. म्हणून त्याने बोलावे, आणि तो न बोलल्यास सरकारने त्याला बोलते करावे, एवढीच नागरिकाची अपेक्षा आहे. ही अपेक्षा कितपत पुरी होते, आणि सर्व कारखानदारांच्या बाबतीत सारखीच पुरी होते काय, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारखानदारांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये एक स्वेच्छासंहिता केली, तेव्हापासून आपल्याकडे गाड्या परत मागविण्याची रीतसर पद्धत सुरू झाली. संहिता स्वेच्छेची असल्यामुळे ती न पाळणाऱ्यास शासन नव्हते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले, आणि सदोष गाड्या परत मागविण्याचा हुकूम कारखानदारास देण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रथमच मिळाला. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. म्हणजे देशात मोटारी धावू लागल्यापासून शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतर ही सत्ता सरकारच्या हाती आली. उशिरा का होईना ती आली, याबद्दल आम्ही समाधानच व्यक्त करू. परंतु सत्ता हाती येणे आणि ती समबुद्धीने वापरली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

समबुद्धीचा हा आग्रह केवळ कारखानदारांच्या सोयीसाठी आहे, असे मात्र कोणी समजू नये. समजा, दोन कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच दोष निघाला. एकीने तो जाहीर केला. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत तिचे नाव आले. तिच्या गाड्यांची मागणी काही महिने मंदावली. दुसरीने बोभाटा न करता, गाडी नेहमीच्या देखभालीसाठी आली की सदोष भाग गुपचूप बदलण्याची सूचना आपल्या दुकानदारांस दिली. तिचे नाव कोठेही आले नाही, आणि जी गाडी तिच्या दुकानात गेलीच नाही, ती तशीच धावत राहिली. तेथे सरकार स्वस्थ बसले, तर पहिल्या कंपनीने यातून काय धडा घ्यावा? पुढच्या वेळी तीही गप्प बसेल. अशा रीतीने स्पर्धेच्या बाजारात सरकारचा पक्षपात, किंबहुना सरकारची नुसती उदासीनतासुद्धा, प्रामाणिकपणावर कर बसविते. त्या कराचा भरणा शेवटी रस्त्यावरच्या माणसाला करावा लागतो. कारखानदारांमधील न्याय आणि प्रवाशाची सुरक्षितता हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे स्वरूप सर्वांत ठळकपणे दिसले ते अमेरिकेत. २००९ च्या जुलैत जनरल मोटर्स ही कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली, तेव्हा तिचे सुमारे ६१ टक्के भाग अमेरिकन सरकारच्या मालकीचे झाले होते. त्यानंतर काही महिन्यांतच तिची जपानी प्रतिस्पर्धी टोयोटा अडचणीत सापडली. गाडीचा वेग आपोआप वाढतो अशा तक्रारींवरून तिला लक्षावधी गाड्या परत मागवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेचे वाहतूकमंत्री रे लाहूड यांनी, या गाड्या चालविणेच थांबवा, असे जाहीरपणे सांगितले, आणि त्याच दिवशी ते बोलणे चुकीचे झाले म्हणून मागे घेतले. कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. सुमारे १ कोटी ६४ लाख डॉलरांचा, म्हणजे कायद्याने त्या वेळी शक्य असलेला सर्वांत मोठा, दंड झाला. त्यावेळी जगभर एकच प्रश्न विचारला गेला: एका कंपनीचा मालक असलेले सरकार तिच्या प्रतिस्पर्ध्याचा न्याय करावयास कसे बसते?

पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. सरकारने जनरल मोटर्समधील आपला शेवटचा भाग डिसेंबर २०१३ मध्ये विकला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या कंपनीने किल्लीच्या सदोष खटक्यामुळे गाड्या परत मागविण्यास आरंभ केला. हा खटका चालत्या गाडीत बंद पडे, आणि मग इंजिनाबरोबर हवेच्या पिशव्याही निकामी होत. कंपनीतील अभियंत्यांना हा दोष सुमारे दहा वर्षांपासून माहीत होता. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने अखेर १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी जोडला. आम्ही येथे न्याय्य असावयास हवे. सरकारने मालक या नात्याने हे प्रकरण दडपले, असा पुरावा नाही. सुरक्षा खात्याने चौकशीस नकार दिला तो प्रथम २००७ मध्ये, म्हणजे सरकार मालक होण्यापूर्वीच. टोयोटाच्या बाबतीतही काही दोष खरेच निघाले होते. विद्युत्-यंत्रणेवरचा आरोप मात्र २०११ च्या तपासणीत सिद्ध झाला नाही. पुढे २०१४ मध्ये टोयोटाला १२० कोटी डॉलर आणि २०१५ मध्ये जनरल मोटर्सला ९० कोटी डॉलर सरकारला द्यावे लागले. एवढे सारे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. जे सरकार स्वतः भागीदार होते, त्याला आपला निःपक्षपातीपणा कोणालाही पटविता आला नाही. न्याय दिला एवढ्याने भागत नाही. तो दिला गेला हे लोकांना दिसावेही लागते. देणारा भागीदार असेल तर ते दिसणे अशक्य होते.

हे सारे दूर अमेरिकेतले आहे, असे म्हणून वाचकांनी निःश्वास टाकू नये. आपल्याकडे सरकारने स्वतःच मोटारी काढल्या आहेत. मारुती ही १९८१ साली सरकारी कंपनी म्हणूनच जन्मास आली आणि तीतील सरकारचा अखेरचा भाग २००७ साली विकला गेला. पाव शतक देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचा मालक आणि सर्व मोटार कंपन्यांचा नियामक एकच होता. ती मालकी आज संपली आहे. परंतु सरकारचे कारखानदारांशी असलेले नाते संपलेले नाही. त्याचे रूप पालटले आहे, इतकेच. कारखाना आपल्याच राज्यात यावा म्हणून राज्याराज्यांत चढाओढ चालते. महाराष्ट्र सरकार औद्योगिक विकास महामंडळाकडून जमीन देते, आणि सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मोठ्या प्रकल्पांस करांचा परतावा देते. यात गैर काही नाही. हजारो तरुणांना त्यातून काम मिळाले आहे. तथापि ज्याला आपण पायघड्या घालून आणले, त्याच्या मालात खोट निघाली असता आपला हात किती मोकळा राहतो, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन आहेत, आणि मोटारीच्या कारखान्याचे नाव निघाले की बाहेरचा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. तळेगाव दाभाडे येथे याच जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना काढला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबविले, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे गेला आहे. दुसऱ्या तळेगावाशी, म्हणजे ढमढेऱ्यांच्या तळेगावाशी, या कंपनीचा संबंध आला तो तिच्या टवेरा गाडीमुळे. जास्त माणसे बसणारी ही गाडी ग्रामीण महाराष्ट्रात भाड्याच्या वाहतुकीसाठी फार पसंत पडली होती. जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ पासून बनविलेल्या १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत मागविल्या. धुराच्या प्रमाणात त्या नियमांस उतरत नव्हत्या, आणि तपासणीच्या वेळी निवडक इंजिने पुढे करून अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली गेली होती, हे कंपनीनेच कळविले. सरकारने नितीन गोकर्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने या प्रकारास कंपनीने केलेली फसवणूक ठरविले. परंतु आठ वर्षे ही गोष्ट तपासणाऱ्यांच्या ध्यानात कशी आली नाही?

याच ठिकाणी आपल्याला परीक्षकाकडे वळावे लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही संस्था देशातील मोटारींची प्रमुख परीक्षक आहे. मोटार कारखानदारांनी भारत सरकारच्या सहकार्याने १९६६ साली ती स्थापन केली. तिच्या तज्ज्ञांच्या योग्यतेविषयी आम्हांस शंका नाही. पुण्याला भूषणभूत अशी ती संस्था आहे. परंतु जे परीक्षेस बसतात तेच परीक्षामंडळाचे सभासद असावेत, ही व्यवस्था कोणत्याही विद्यापीठात चालली नसती. शिवाय मान्यता देणाऱ्या संस्था एकाहून अधिक आहेत, आणि आपली गाडी कोणाकडे तपासून घ्यावयाची हे कारखानदार ठरवितो. परीक्षार्थ्याने परीक्षक निवडावा आणि त्याचे शुल्कही भरावे, यात परीक्षकाची कितीही सचोटी असली तरी त्याच्यावर ओझे येतेच.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघडकीस आली, तेव्हा हीच संस्था कामास लावण्यात आली. तिने त्या कंपनीच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून पाहिल्या. नायट्रोजनच्या विषारी वायूंचे प्रमाण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट भरले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने येथील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सुधारून देण्यासाठी परत बोलाविल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंड केला; सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात सक्तीच्या कारवाईस मनाई केली. कंपनीचे म्हणणे असे की, रस्त्यावरील तपासणीचे प्रमाण त्यावेळी भारतात ठरलेलेच नव्हते. प्रयोगशाळेतील परीक्षेत आमच्या गाड्या उत्तीर्ण होत्या. जगभर जिने फसवणूक कबूल केली तिच्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. तरीही या युक्तिवादातील कायद्याचा मुद्दा पोकळ नव्हता. सर्वांना लागू पडणारे रस्त्यावरील माप आपल्याकडे १ एप्रिल २०२३ रोजी आले. तोवर गुन्हा दुसऱ्या देशाने शोधावा आणि मग आपण माप हुडकावे, अशी आपली रीत होती. अशा रीतीत खऱ्या अपराध्यालासुद्धा, मलाच का वेचून काढले, असे विचारण्याची सोय होते.

परदेशी कंपन्यांचीच उदाहरणे दिली, असा आक्षेप येऊ नये म्हणून घरचेही उदाहरण देतो. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोच्या काही गाड्यांना आगी लागल्या. २०१० च्या नोव्हेंबरात कंपनीने विकलेल्या सुमारे ७० हजार गाड्यांना विद्युत् आणि धुराड्याच्या यंत्रणेत जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे ठरविले; मात्र हे गाड्या परत मागविणे नव्हे, असेही तिने आवर्जून सांगितले. कंपनीने उपाय योजला याचे श्रेय तिला द्यावयास हवे. परंतु त्या उपायास कोणते नाव द्यावयाचे हे कंपनीने ठरवावे आणि सरकारने मौन पाळावे, हे बरोबर नव्हते. टवेराला एक नाव आणि नॅनोला दुसरे, असा भेद ज्या व्यवस्थेत कंपनीच्या मर्जीवर राहतो, तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

सरकारला समान वागणूक देता येत नाही असे मात्र नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेवरच्या एका स्कूटरने पेट घेतला, आणि तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. अन्यत्रही अशा घटना घडल्या. पुढील महिन्यात ओलाने १,४४१, ओकिनावाने ३,२१५ आणि प्युअर ईव्हीने २,००० गाड्या परत मागविल्या. त्यानंतर सरकारने तज्ज्ञांची समिती नेमून विद्युत्‌घटांचे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत, जुन्यानव्या आणि लहानमोठ्या सर्व कारखानदारांस एकाच तारखेपासून लागू झाले. हे योग्य झाले. नवा माल कसा असावा, याबाबत जी समदृष्टी सरकारने दाखविली, ती विकल्या गेलेल्या मालाच्या बाबतीत दाखविली नाही. किती गाड्या परत घ्यावयाच्या हे जिने तिने आपल्यापुरते ठरविले.

आता जे नियम आहेत त्यांतील त्रुटी पाहू. तक्रारींची ठरावीक संख्या भरली म्हणजे चौकशीचे चक्र फिरू लागते, आणि ही संख्या गाडीच्या वार्षिक विक्रीनुसार टप्प्याटप्प्याने ठरविली आहे. तपासणी संस्थेचा अहवाल आणि अन्य मार्गांनी आलेली माहिती यांचीही दखल घेण्याची मुभा कायद्यात आहे, हे खरे. पण सारा भर तक्रारींच्या मोजणीवर राहिला, तर जो दोष क्वचित प्रकटतो परंतु प्रकटला की प्राणच घेतो, तो मोजणीत कधी यावयाचा? मेलेला माणूस तक्रारअर्ज भरीत नाही. दुसरी गोष्ट दंडाची. मूळ कायद्यात कारखानदारास १०० कोटींपर्यंत दंडाची भाषा आहे. गाड्या परत मागविण्यासंबंधीच्या नियमांत मात्र १० लाखांपासून १ कोटीपर्यंत मजल आहे. एक कोटी म्हणजे बऱ्यापैकी दहा मोटारींची किंमत. नवख्या स्कूटरवाल्यास ती रक्कम जड जाईल. वर्षाला लाखो गाड्या विकणाऱ्यास ती जाणवणारही नाही. दिसावयास समान असलेला दंड येथे विषम होतो.

तिसरी त्रुटी आम्हांस सर्वांत गंभीर वाटते. हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरतेच आहेत. यंत्र जुने झाले की मोडणारच, असा यामागे विचार असावा. परंतु जगातील सर्वांत मोठे गाड्या परत मागविण्याचे प्रकरण ज्या टाकाटा कंपनीच्या हवेच्या पिशव्यांमुळे घडले, त्यांतील स्फोटक द्रव्य उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षे खराब होत जाते. म्हणजे गाडी जितकी जुनी तितका धोका अधिक. सात वर्षे झाली की पुण्यातील गृहस्थ गाडी विकतो आणि ती तळेगाव ढमढेऱ्यास येते. नेमक्या त्याच वेळी कायद्याचे संरक्षण तिच्यावरून उठते. कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. तिसऱ्या मालकाला आपली गाडी कधी काळी परत मागविली होती, याचा पत्ताही नसतो. शहराला एक माप आणि गावाला दुसरे, असा हा न्याय झाला.

यावर उपाय काय? आमच्या मते तीन गोष्टी तातडीने करावयास हव्यात. पहिली, गाड्या परत मागविण्याचा निर्णय मंत्रालयाच्या हातून काढून कायद्याने स्थापन केलेल्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावा. त्यावर कारखानदारांचा सभासद नसावा, आणि त्याला गाड्या बाजारातून स्वतः विकत घेऊन तपासण्याचा पैसा व अधिकार असावा. मंत्र्यांनी कारखान्यांच्या कोनशिला बसवाव्यात. त्याच हातांनी त्यांच्या मालाचा न्याय करू नये. दुसरी, प्रत्येक तक्रार, तीवर कारखानदाराने दिलेले उत्तर आणि चौकशीचा निष्कर्ष कंपनीच्या नावासह सर्वांना पाहता यावा. गुपचूप भाग बदलून देण्याची सूचनाही मंडळास कळविणे सक्तीचे व्हावे. सरकारला चौकशी न करण्याचा अधिकार असू द्या, पण ती का केली नाही याची कारणे लेखी द्यावी लागली पाहिजेत. तिसरी, सात वर्षांची मर्यादा जीवितास धोका असलेल्या दोषांपुरती रद्द करावी. गाड्यांच्या नोंदणीची देशव्यापी यादी परिवहन खात्यापाशी आहे. मालकी बदलून घेण्यास आलेल्या प्रत्येक मोटारीचा दोष दुरुस्त झाला की नाही, हे त्याच वेळी तपासून नव्या मालकास सांगता येईल.

कारखानदार म्हणतील की, यामुळे उद्योगावर अविश्वास दाखविला जातो. आमचे म्हणणे उलट आहे. आपला माल चोख ठेवणाऱ्या कारखानदाराचे या व्यवस्थेत नुकसान नाही. नुकसान आहे ते दुसऱ्याच्या मौनाचा फायदा घेणाऱ्याचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप योजनेत, भोसरीच्या केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या प्रमाणपत्राने, गाड्यांना सुरक्षिततेचे तारे मिळू लागले आहेत, आणि कारखानदार ते तारे जाहिरातीत मोठ्या हौसेने मिरवितात. योजना ऐच्छिक असल्यामुळे ज्याला उत्तीर्ण होण्याची खात्री असेल तो तिच्याकडे जातो. गुणपत्रिका मिरविणाऱ्यांनी उत्तरपत्रिका फेरतपासणीस देण्यासही तयार असावे.

केंद्रातील वाहतूक खाते एका महाराष्ट्रीय मंत्र्याकडे, श्री. नितीन गडकरी यांच्याकडे, २०१४ पासून आहे. २०१९ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. रस्त्यांवरील मृत्यूंविषयी ते कळकळीने बोलतात, आणि ती कळकळ खरी आहे असे आम्ही मानतो. त्यांनी सुरू केलेले काम त्यांनीच पुरे करावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. रांजणगावच्या फाटकातून आज बाहेर पडणारी नवी मोटार दहा वर्षांनी कदाचित तळेगाव ढमढेऱ्याच्या रस्त्यावर शाळेची मुले घेऊन धावत असेल. ती कोणी बनविली, कोणत्या सरकारने तिच्या कारखान्यास जमीन दिली, तिचे मालक किती झाले, याची त्या मुलांना जाण नसेल. त्यांच्यासाठी तिचे ब्रेक लागले पाहिजेत, आणि ते लागावेत हे पाहणाऱ्याचे माप सर्वांना एकच असले पाहिजे.